तिमुहानीचा तिसरा दरवाजा

चेतनानं दोन्ही हातांनी लोखंडी चाक धरलं आणि सगळं वजन टाकून ओढलं. चाक जागचं हललं नाही. तळहातांना निळा रंग तेवढा लागला. तो आदल्याच दिवशी मारलेला होता.

"वेल्डिंग केलंय मॅडम," शिशिर मागून म्हणाला. "आता तो दरवाजा नाहीच. नुसता पत्रा आहे, शोभेचा."

शिशिर मूळचा साताऱ्याचा, नोकरीसाठी रायपूरला आलेला तरुण इंजिनिअर. तिमुहानीवर होणाऱ्या नव्या उद्यानाचं काम त्याच्याकडे होतं. चेतना रायपुरातल्याच एका संस्थेत काम करायची. उद्यानात लावायच्या फलकांवर या जागेचा इतिहास लिहायचं काम संस्थेनं तिला दिलं होतं. ती आनंदानं हो म्हणाली होती, कारण त्यातला निम्मा इतिहास तिच्या घरातलाच होता. तिच्या आईचे आजोबा वैनगंगेकडून, दुष्काळात, हा कालवा खणायला आले आणि इथलेच झाले. आईचे वडील बाबाराव याच दरवाजांचे चौकीदार होते.

दोघं उभे होते त्या दगडी पुलाखाली मोठा कालवा येऊन थांबत होता आणि तीन दरवाजांतून वाटला जात होता; म्हणून ही तिमुहानी. डावीकडची शाखा धानाच्या शेतांकडे जायची. मधली गावोगावचे तलाव भरायची. उन्हाळ्यात निस्तारीचं पाणी तिच्यातूनच सुटायचं, म्हणजे माणसांच्या आंघोळीचं, गुरांच्या पिण्याचं. उजवीकडच्या तिसऱ्या शाखेला लोक सुक्खा नहर म्हणत. तिच्यात कधी पाणी नसायचं. दरवाजापलीकडे थोडं पात्र उरलं होतं, बेशरमाच्या झुडपांनी भरलेलं. त्यापुढे भराव टाकून जमीन सपाट केली होती आणि त्या जमिनीवर कॉलनी उठली होती.

चेतना कठड्यावरून वाकली. बाकीच्या दोन दरवाजांचे दगडी उंबरे पाण्यात बुडालेले होते, तरी दिसत होते. तिसऱ्याचा उंबरा कितीतरी खाली होता.

"हा इतका खोल कशाला? शेताला पाणी द्यायचं तर उंच ठेवतात ना?"

"शेतासाठी नव्हताच तो," शिशिर म्हणाला. "सांडवा आहे. कालवा भरून वाहायला लागला की जास्तीचं पाणी इथून काढून नदीला सोडायचं. म्हणून खोल, म्हणून सरळ."

"मग बुजवला काहून?"

"कित्येक वर्षांत लागला नाही. वरती धरण आहे, पाणी मोजून येतं. ऑफिसात सगळ्यांना माहीत आहे हे. लपवलेलं काही नाही."

"आणि कधी लागला तर?"

शिशिरनं हेल्मेटचा पट्टा सोडला आणि पुन्हा लावला.

"तुम्ही फलकावर 'बंद पडलेली शाखा' असं लिहा. वरून तसंच ठरलंय."

"माझा भाऊ राहतो त्या कॉलनीत," चेतना म्हणाली.

त्यानं तिच्याकडे पाहिलं. मग पाण्याकडे पाहत म्हणाला, "चांगली आहे कॉलनी. बाग मोठी आहे."

*

बाग खरंच मोठी होती. कॉलनीच्या मधोमध ती एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत आखल्यासारखी जात होती आणि दोन्ही अंगांना घरं तिच्याकडे तोंड करून बसली होती. चेतना अनेकदा इथं आली होती. आज फाटकातून आत शिरताना तिला पहिल्यांदाच जाणवलं की रस्ता खाली उतरतोय.

तिचा भाऊ यशदीप उरला भागातल्या रोलिंग मिलमध्ये शिफ्टवर होता. त्याची बायको रुचिता मुलाला, संघर्षला, शिकवणीला सोडायला गेली होती. घरात तिची आई मीराबाई एकट्याच होत्या. बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरींखाली, पलंगावर सूप घेऊन डाळ निवडत बसल्या होत्या.

चेतनानं पाणी पिऊन ग्लास खाली ठेवला.

"आई, सुक्ख्या नहरात कधी पाणी आलं होतं का?"

मीराबाईंचा हात सुपात थांबला.

"कोण सांगतलं तुले?"

"कोणी नाही. फलक लिहून राहिली ना मी तिथला."

मीराबाईंनी एक खडा उचलला, बोटांत फिरवला आणि बाजूला टाकला.

"एकदा आलं होतं. मी लहान होती. फ्रॉक घालत होती. बाबानंच उघडला दरवाजा."

मग त्या बोलत राहिल्या, मधूनमधून थांबत, डाळ निवडत. त्या साली पावसाची झड लागली होती. कालवा काठोकाठ भरला होता. चौकीदाराचं क्वार्टर काठावरच होतं. भिंतीला कान लावला की पाण्याचा आवाज यायचा. कोरड्या पात्रात लोकांनी भाजीच्या बाड्या लावल्या होत्या. मिरची, भेदरं, कोचई. आधी बाड्या आल्या, मग राखणीला झोपड्या, मग पाराच वसला, अख्खी वस्ती. पोरं तिथंच जन्मली, तिथंच चालायला शिकली.

"सकाळपासून गावचा कोटवार हाका देत फिरला. पाणी सोडून राहिले, निघा म्हणून. बाबा स्वतः खाली उतरून गेला. लोकं हसले त्याले. म्हणे, बाबाराव, सुक्ख्या नहरात पाणी येते का कधी? काही निघाले. लेकरं काठावर बसवली आन् बकऱ्या आणाले, चाऊर-दाणा आणाले परत गेले."

"आणि?"

"साहेब छत्री घेऊन उभा होता. म्हणे, आता नाही उघडला तर तिकडचा बांध फुटते. तिकडं गावंच गावं होते. बाबानं चाक फिरवलं." मीराबाईंनी सूप एकदा पाखडलं. "पाणी सुरुवातीले हळूच आलं. पालापाचोळा ढकलत, जसं काही झाडून राहिलं. मले मजा वाटली पाहाले."

  पंखा फिरत होता आणि डाळीची साल फरशीवर उडत होती.

"त्या पाऱ्यातल्या वाचलेल्या लोकांनी मग बाबाशी बोलणं टाकलं," मीराबाई म्हणाल्या. "बाबाही मान वर करून त्या रस्त्यानं कधी गेला नाही."

"यशदीपनं इथं प्लॉट घेतला तेव्हा तू काहून नाही बोलली?"

"मले कुठं समजलं? गेट, लाइटं, बगिचा. सगळं दुसरंच दिसे. घराचा पाया झाला, स्लॅब पडला. मग एक दिवस रुचितासंगं त्या टोकाले फिरत गेली तं आमच्या क्वार्टरचा ओटा दिसला. अर्धा पुरलेला. त्याच्यावर बसाले बाक केला आहे त्यांनी." त्यांनी लेकीकडे पाहिलं. "तोवर पोट्ट्यानं किती हौसेनं घर बांधलं होतं, चेतना. काय बोलू?"

*

यशदीप शिफ्टवरून आला तेव्हा ऊन उतरलं होतं. त्याच्या बुटांवर, पापण्यांवरही मिलची काळी धूळ होती. चेतना त्याला गच्चीवर घेऊन गेली आणि सगळं सांगितलं. दरवाजाचा खोल उंबरा, सांडवा, शिशिर काय म्हणाला ते. आजोबांचंही सांगितलं.

तो कठड्याला टेकून ऐकत होता. मध्ये एकदाही त्यानं तिला अडवलं नाही, आणि त्यामुळेच तिचं बोलणं शेवटी शेवटी अडखळलं.

"तुले माहीत होतं," ती म्हणाली.

"मागच्या साली समजलं. बोअरिंगवाला आला होता. खालून भराव निघत राहिला, निघत राहिला, जमीन लागेच ना. तो म्हणे, भैया, ये तो नहर है. पावसाळ्यात मागची भिंत पाझरते. मी पुट्टी लावतो, रंग मारतो. रुचिताले वाटते सिमेंट खराब आहे."

"मग आता?"

"विकून राहिलो. रविवारी पार्टी येणार आहे. आपल्याकडचेच आहेत, अमरावतीचे. नव्या रायपुरात नोकरी लागली त्याले." यशदीप खालच्या बागेकडे पाहत होता. दिवे लागत होते. "आईनं बोलावलं म्हणून तूही येशीन रविवारी. ये. फक्त चूप राह, ताई."

चेतनानं त्याच्याकडे वळून पाहिलं.

"मी काही खोटं नाही सांगणार. ते विचारतीन ते सांगीन. नाही विचारलं तं काहून सांगू? मले कोणी सांगतलं होतं?"

*

रविवारी जयंत आणि ज्योती आले. जयंत बारीक अंगाचा, मृदू बोलणारा माणूस. चप्पल बाहेर काढून आत आला आणि मीराबाईंच्या पाया पडला. ज्योतीच्या खांद्यावर तिची लहान मुलगी झोपली होती. दोघांना घर आवडलं होतं हे दारातच कळत होतं. ज्योतीनं स्वयंपाकघरातल्या खिडकीची कडी लावून पाहिली, उघडून पाहिली. जयंतनं नळ सोडला आणि पाण्याला जोर आहे म्हणाला.

"काकू, इथं करमतं ना तुम्हाला?" ज्योतीनं विचारलं.

मीराबाईंनी पदर सारखा केला. यशदीप ताटलीत बिस्किटं मांडत होता. त्याचे हात थांबले.

"हवा चांगली येते," मीराबाई म्हणाल्या.

रुचितानं चहा आणला. मागच्या खोलीच्या भिंतीला ताज्या रंगाचा वास होता. ज्योती त्या खोलीत जरा जास्त वेळ रेंगाळली. थंड आहे, म्हणाली, दुपारी पाळणा इथं टांगता येईल. मग मुलीला दुसऱ्या खांद्यावर घेत तिनं मागचं दार उघडलं आणि पायरीवर उभी राहिली. चेतना तिच्या मागे होती.

"किती सरळ आहे हो ही बाग," ज्योती म्हणाली. "अशी मुद्दाम केलीय का?"

आतून यशदीपचा आवाज येत होता. तो जयंतला शाळेच्या बसबद्दल सांगत होता. चेतनानं झोपलेल्या मुलीकडे पाहिलं. तिच्या मुठीत आईच्या ओढणीचं टोक होतं.

"केली नाही," चेतना म्हणाली. "ही नहर होती. पुराचं पाणी काढायची. बुजवलीय, पण दरवाजा अजून तिथं आहे."

ती हळू आवाजातच बोलली. सगळं मिळून चार-पाच वाक्यं झाली असतील.  ज्योतीनं मुलीच्या डोक्यावर हात ठेवला आणि पायरीवरून पाऊल मागे घेतलं. आत जाऊन दोघांनी चहा पूर्ण प्यायला. जयंतनं जाताना पुन्हा मीराबाईंच्या पायांना हात लावला.

यशदीप त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेला. परत आला तेव्हा त्यानं बहिणीकडे पाहिलं आणि त्याला समजलं.

दोन दिवसांनी तो पंडरीला, चेतनाच्या फ्लॅटवर आला. आत बस म्हटलं तरी बसला नाही. खाली कापडाच्या दुकानांसमोर गाठोड्यांचे ट्रक उभे होते, त्यांचे हॉर्न वर येत होते.

"त्यांचा फोन आला. ऑफिस लांब पडते म्हणे."

"यशदीप, दुसरं काही करू आपण. तुम्ही सगळे इथं या राहायला. जागा कमी आहे, पण..."

"किती दिवस? मग कुठं? घर विकल्याशिवाय घर होत नाही, ताई." तो संतापला नव्हता, संतापला असता तर तिला बरं वाटलं असतं. "ज्योतीनं तिच्या मैत्रिणीले सांगतलं. मैत्रिणीनं ब्रोकरले. आता पुढे कोणी पाहालेही येणार नाही."

"लेकरू होतं तिचं लहान."

"हव. तुले त्यांची पोट्टी दिसली," यशदीप म्हणाला. "संघर्ष नाही दिसला."

तो जिना उतरून गेला. त्यानंतर त्यानं तिचा फोन घेतला नाही. रुचिता सुरुवातीला घ्यायची, दोन शब्द बोलायची, मग तीही घेईना. मीराबाईंकडे फोन नव्हता. चेतना एकदा कॉलनीच्या फाटकापर्यंत गेली आणि स्कूटी वळवून परत आली.

*

फलक तयार झाले. चेतनानं 'सांडवा' असं लिहिलं होतं आणि तो कशासाठी असतो तेही. छापून आलं त्यात ते नव्हतं. तिसऱ्या शाखेसाठी एकच ओळ ठेवली होती: ही शाखा कालांतराने उपयोगात राहिली नाही.

सप्टेंबर अर्धा झाला होता. उद्घाटन जवळ आलं होतं आणि फलक बसवताना हजर राहा म्हणून संस्थेनं तिला पाठवलं. रायपूरवर तीन-चार दिवस लख्ख ऊन होतं. पाऊस तिकडे होता, वरच्या अंगाला, डोंगरात. पेपरात त्याच्या बातम्या येत होत्या.

ती पुलावर पोहोचली तेव्हा पाणी नेहमीसारखं वाहत नव्हतं. ते उभं होतं. मोठ्या कालव्याच्या काठाची गवताची पट्टी गेली होती. दरवाजांपाशी फेस, काटक्या, एक मेलेलं वासरू आणि कुणाच्या तरी छपराचे वासे गोल गोल फिरत होते. डाव्या आणि मधल्या दरवाजांतून पाणी गर्जत बाहेर पडत होतं, तरी फुगवटा उतरत नव्हता. फलक लावणारी माणसं हातातलं काम टाकून कठड्याशी उभी होती.

शिशिर फोनवर होता. त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता. फोन ठेवून तो तिच्याकडे आला, पण बोलताना पाण्याकडेच पाहत राहिला.

"धरणातून फार सोडलेलं नाही. मधले नाले सगळे कालव्यात उतरलेत. त्यांच्यावर कुणाचाच हात नाही." त्यानं डावीकडचा बांध दाखवला. बांधाच्या पलीकडच्या उतारावर, कोरड्या बाजूला, गढूळ पाणी झिरपून मातीत रेघा पडत होत्या. त्याच्या खाली वस्ती होती, शाळा होती. शाळेच्या पटांगणात गणवेशातली मुलं दिसत होती. "हा गेला तर ते सगळं जाईल."

"मग?"

"वरून आदेश आलाय. तिसरा उघडा."

पुलाच्या टोकाशी टेम्पो थांबला. भैय्यालाल, उद्यानाच्या कामावरचा वेल्डर, गॅसची टाकी उतरवत होता. दरवाजाला झाळ त्यानंच मारली होती.

"कटेल ना?" शिशिरनं त्याला विचारलं.

"हव साहब. टाइम लागही," भैय्यालाल म्हणाला आणि नळी सोडवायला बसला.

"कॉलनीत सांगितलं का?" चेतनानं विचारलं.

"गाडी गेलीय. भोंगा लावून." शिशिरनं आता प्रथमच तिच्याकडे पाहिलं. "मॅडम, तुमचे लोक..."

तिनं फोन आधीच कानाला लावला होता. यशदीपच्या फोनची रिंग वाजली, वाजत राहिली आणि मध्येच तुटली. म्हणजे फोन त्याच्या हातातच होता. तिनं पुन्हा लावला. या वेळी रिंग लगेच कापली गेली. रुचिताचा लावला, तो बंद होता. मागे गॅसचा टॉर्च पेटल्याचा फुसकारा झाला आणि निळ्या पत्र्यावरचा रंग जळून त्याचा कडवट वास सुटला.

चेतना स्कूटीकडे धावली.

रस्त्यावर सगळं रोजच्यासारखं चाललं होतं. रसवंतीवर दोन माणसं बसली होती. कॉलनीच्या फाटकापाशी भोंग्याची गाडी उभी होती आणि चौकीदार ड्रायव्हरला विचारत होता की पास आहे का. ध्वनिफीत वाजत होती, पण आवाज फाटत होता. सावधान एवढाच शब्द कळत होता. ऊन इतकं स्वच्छ होतं की बायकांनी गाद्या बागेत वाळत घातल्या होत्या. एक बाई गॅलरीतून डोकावली आणि पुन्हा आत गेली.

चेतनानं उतारावर स्कूटी तशीच आडवी टाकली आणि दार ठोठावलं. आत टीव्ही चालू होता. तिनं तळहातानं दार वाजवलं, मग मुठीनं.

यशदीपनं दार उघडलं. रात्रपाळी करून झोपेतून उठला होता, केस विस्कटलेले. एका हातात फोन होता. दुसरा हात त्यानं चौकटीला लावून ठेवला, आडवा. त्याच्या खांद्यापलीकडे तिला मागची खोली दिसली. सकाळच्या शाळेतून आलेला संघर्ष जमिनीवर पालथा पडून चित्र रंगवत होता. मीराबाई त्याच्याजवळ बसून पेन्सिलीला टोक करत होत्या. त्यांनी मान वर केली.

चेतनाला धाप लागली होती.  तिनं आत जायला पाऊल उचललं, पण यशदीपचा हात चौकटीवरून हलला नाही.

"आता इथं कोणी गिऱ्हाईक नाही, ताई," तो म्हणाला.